डोंगराला चिकटलेला दगड

(कंबोडियातल्या कुलेन डोंगराचा पायथा. मूर्ती घडवणाऱ्या मामाचं अंगण. भाची मोलिका जुन्या खाणीतून धावत आलीय.)

मोलिका : कुठाय तो?

मामा : आधी पाणी पी. लाल मातीनं माखलीयस नुसती.

मोलिका : मामा, माझा दगड कुठाय?

मामा : तुझा? अंगकोरची देवळं बांधणाऱ्यांनी काय तुझ्या नावानं ठेवला होता?

मोलिका : विषय बदलू नकोस. बुडापासून उचकटलाय. पहारीचे वळ ताजे आहेत. अख्ख्या खाणीत तो एकच राहिला होता, चारी बाजूंनी चर मारलेला आणि खाली डोंगराला चिकटलेला. बाकीचे सगळे तेव्हाच देवळांना गेले. ते लोक दगड सोडवायचे कसे, ते ह्या एकावरनं कळलं असतं.

मामा : ते मला विचार की. पहार घालायची आणि दाबायची.

मोलिका : तुझी पहार! त्यांची छिन्नी एका थरात डावीकडून चाललीय, दुसऱ्यात उजवीकडून. मीच दाखवलं होतं ना तुला?

मामा : दाखवलंस म्हणून तर कळलं. नाहीतर वेलींखाली कुणाला दिसत होता तो?

मोलिका : म्हणजे हात सोलवटून वेली काढल्या त्या तुझ्यासाठी?

मामा : अगं, पॅगोडाच्या पायऱ्यांशी सिंह बसवायचाय. हल्लीचा दगड ठिसूळ निघतो. हा बघ, टिचकी मार. कसा खणखणीत वाजतो!

मोलिका : हात नाही लावणार मी त्याला. उद्या पुरातत्त्व खात्याच्या चांथा मॅडम येतायत नोम पेन्हहून. दगड जागेवर दिसला तर उत्खननात घेते म्हणाल्या. मला! शाळा सोडलेल्या पोरीला! आता काय दाखवू, खड्डा?

मामा : खड्डापण जुनाच आहे की.

मोलिका : हसू नकोस! घरात सगळे मला भटकभवानी म्हणतात. तू एकटा यायचास माझ्याबरोबर. गुडघा धरत धरत यायचास. मला वाटलं, तुला आवडतंय.

मामा : आवडायचंच गं... आणि हे बघ, चोरून नाही आणला मी. डोंगर नेआक ता ह्या राखणदार देवाचा. त्याला विचारलं. केळी ठेवली, अगरबत्ती लावली, सगळं रीतसर.

मोलिका : काय म्हणालास त्याला?

मामा : म्हणालो, दगड दे.

मोलिका : कुणाला दे?

मामा : मला कुठं ओळखतो तो? मी आपला कधीतरी जाणारा.

मोलिका : मामा. कुणाचं नाव घेतलंस?

मामा : रोज तिथं तूच असायचीस ना.

मोलिका : माझ्या नावानं मागितलास?

मामा : अगरबत्ती शेवटपर्यंत जळली. मध्ये विझली नाही. त्यानं दिला, मोलिका.

मोलिका : मी इथंच होते ना रे. मला विचारायचंस.

मामा : तू नाही म्हणाली असतीस.