हवेच्या नळीतल्या कापडाबद्दल

जबाब देणार: अफशाँ तल्हा परकार, वय २७ वर्षे, धंदा घरकाम, राहणार तबूक (सौदी अरेबिया), जुन्या भाजी बाजारामागे, तळमजला. मूळ गाव तालुका मंडणगड, जिल्हा रत्नागिरी. जबाब मराठीत दिला असून ठाण्यात मराठी जाणणारं कोणी नसल्याने तो इस्पितळातील नर्स कीर्ती यांनी लिहून घेतला. अरबी तर्जुमा सोबत जोडण्यात येईल.

मी समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून जबाब देते की, वरील पत्त्यावर मी, माझे पती तल्हा, आमची नवजात मुलगी आणि माझ्या सासूबाई इस्मत असे राहतो. सासूबाई माझ्या बाळंतपणासाठी गावाहून व्हिजिट व्हिसावर आल्या आहेत. त्यांच्या बॅगेत ओवा, वावडिंग, सुंठ आणि डिंकाचे लाडू होते. स्वतःचा स्वेटर नव्हता.

तबूकला इतकी थंडी असते हे त्यांना ठाऊक नव्हतं. बाळंतिणीच्या खाटेखाली कोळशाची शेगडी हवीच, असा त्यांनी हट्ट धरला. बंद खोलीत कोळसा जाळणं जिवावर बेततं म्हणून पतींनी साफ नकार दिला आणि पेलेटवर चालणारी एक वापरलेली शेगडी आणली. पेलेट म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या, पेन्सिलीएवढ्या जाड कांड्या. शेगडी बदरुद्दीन यांनी बसवली. ते म्हसळ्याचे असून एसी दुरुस्तीचं काम करतात. सध्या याच ठाण्यात त्यांना बसवून ठेवलं आहे.

पहिलं पोतं पतींनी आणलं. पतींना वास येत नाही, तो त्यांचा जुना सर्दीचा विकार आहे. पेटवल्यावर घरभर गोठ्याचा वास सुटला. सासूबाई म्हणाल्या, हा तर गुरांचा खुराक आहे. दुकानात विचारलं तर खरोखरच तो मेंढ्यांचा खुराक निघाला; त्याच्याही तशाच कांड्या असतात. तेव्हापासून या घरात सासूबाईंचा शब्द शेवटचा झाला, हेही नमूद करावं.

नंतर बदरुद्दीनभाईंनी आम्हाला बसवून नीट समजावलं. कांडी मोडली की टक्कन तुटली पाहिजे, पाण्यात टाकली की फुगून तिचा भुसा झाला पाहिजे, पोत्याच्या तळाशी भुकटी साचली असेल तर पोतं परत करायचं. माल कोरड्या जागी ठेवायचा. पेटती असताना शेगडीचं दार उघडायचं नाही. राख पूर्ण गार झाल्यावर पत्र्याच्या डब्यात काढायची. धूर बाहेर नेणारी नळी वेगळी आणि शेगडीमागे भिंतीतून बाहेरची हवा आत आणणारी वेगळी. ही दुसरी म्हणजे आगीचं नाक, ते कधी दाबायचं नाही. विषारी वायू झाला तर वाजणारा भोंगाही त्यांनी भिंतीवर लावला. हे सगळं मी ऐकलं. सासूबाई तेव्हा बाळाला तेल लावत होत्या.

आमच्याकडे बाळंतिणीच्या खोलीत चाळीस दिवस वारा येऊ देत नाहीत. सासूबाईंनी दाराच्या फटीत चिंध्या भरल्या, खिडकीला गोधडी लावली. मग त्या हवेच्या नळीतून गार वारा येतो म्हणून स्वतःच्या सुती ओढणीचा तुकडा फाडून त्यांनी तिच्यात कोंबला. तो मी खाटेवरून पाहिला.

मी त्यांना थांबवलं नाही. मला सगळं समजत होतं, तरी थांबवलं नाही. परदेशात बाळंत झाल्यापासून मला सारखं रडू यायचं. कोणीतरी गुडघे दुखत असताना खाली बसून माझ्यासाठी वारा अडवतंय, हे बघून मला फार बरं वाटलं. कापड नंतर काढू असं ठरवलं आणि मला झोप लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पती ड्यूटीवर होते. शेगडीची काच काळी पडली होती आणि आतला जाळ लांब, पिवळा, सुस्त झाला होता. माझं डोकं जड झालं आणि उठावंसं वाटेना. तेवढ्यात भोंगा वाजला. सासूबाईंनी एका हातात बाळ घेतलं, दुसऱ्या हाताने मला खाटेवरून ओढलं आणि अंगणात नेलं. मग त्या परत आत गेल्या. मी नको म्हणत होते. माझी शाल आत राहिली होती, म्हणून गेल्या. शाल घेऊन येताना उंबरठ्यावर पडल्या. आता तिघींची तब्येत ठीक आहे. बाळाला काहीही झालं नाही.

शेजाऱ्यांनी बोलावलं म्हणून बदरुद्दीनभाई सगळ्यांच्या आधी आले. शेगडी बंद करायला ते आत गेले. त्यांनी नळीतून कापड काढलं, एकदा सासूबाईंकडे बघितलं आणि ते खिशात घातलं. हे मी दारातून पाहिलं. नंतर आलेल्या लोकांना नळी मोकळी दिसली, म्हणून घरमालकाने शेगडी बसवण्यातच दोष असल्याची तक्रार दिली. सासूबाईंचं नाव येऊ नये म्हणून बदरुद्दीनभाई इथे कापडाचा उल्लेखच करत नाहीत. त्यांचा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर ते इथे कामाला आहेत तो मालक, त्यांचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, रद्द करून त्यांना परत पाठवायचं म्हणतो आहे. त्यांच्या कामात दोष नव्हता. कापड सासूबाईंनी घातलं आणि मी ते राहू दिलं. बदरुद्दीनभाईंना सोडावं.

हे सगळं त्या कापडामुळे झालं हे सासूबाईंना ठाऊक नाही. शेगडीच खराब होती असं त्या समजतात. त्यांना सांगायची माझी हिंमत झालेली नाही.

नोंद, कीर्ती यांच्याकडून: नियमाप्रमाणे जबाब मोठ्याने वाचून दाखवला. दार उघडं होतं आणि बाहेरच्या बाकावर श्रीमती इस्मत बाळाला घेऊन बसल्या होत्या. मराठी समजणारं त्या बाकावर दुसरं कोणी नव्हतं. त्या आत आल्या आणि म्हणाल्या, "त्या पोराला सोडा आणि माझं तिकीट काढा. माझ्या हातून ह्या दोघी गेल्या असत्या." त्यावर जबाब देणारीने पुढील मजकूर वाढवायला सांगितला.

पुरवणी जबाब: माझे चाळीस दिवस अजून भरलेले नाहीत. मला अम्मी हव्या आहेत. त्यांचं तिकीट काढू नये.

वरील मजकूर पुरवणीसह मला माझ्या भाषेत ऐकवला, तो मी सांगितल्याप्रमाणे खरा आहे. सही: अफशाँ परकार.

नोंद, कीर्ती यांच्याकडून: श्रीमती इस्मत यांच्या सहीची गरज नाही असं मी सांगितलं. त्यांनी बाळ माझ्या हातात दिलं आणि सुनेच्या नावाखाली स्वतःचं नाव लिहिलं.