नव्या डब्याचं ट्यूनिंग

डुप्लेक्सरला साधा डबा म्हणू नका राव! एकाच अँटेनावर बोलणं अन् ऐकणं तोच वेगळं ठेवतो. वेरूळच्या डोंगरावर आमच्या ॲम्ब्युलन्सच्या वायरलेस टॉवरला साहेबांनी नवा बसवला, तोही ट्यूनिंग न करता. म्हणाले, "बोल्ट बसले, आवाज जातोय, झालं की!"

दुसऱ्याच दिवशी ड्रायव्हर सलीमभाईंची गाडी घाटात दरीत गेली. कंट्रोल रूममधून शांताताई हाका मारत होत्या, उत्तर येईना. लोक पोचेपर्यंत सलीमभाई गेले होते.

नंतर मी ट्यूनिंग करून आलो. ताईंनी विचारलं, "त्यांचा सेट बंद पडला होता ना रे?"

"नाय ताई, चालूच सापडला. ट्यूनिंगविना आपला टॉवरच बहिरा होता, त्यांचं उत्तर इथवर येत नव्हतं. तुमचं सगळं त्यांना ऐकू जात होतं."

ताईंनी समोरचा माईक बाजूला सारला. "मी शेवटी म्हणाले होते, 'झोपलात का सलीमभाई? झोपा मग.'"