ओकबुनचं वाक्य

उनजू: थांबा, थांबा आजोबा. ओकबुनची आई मेली कधी?

आजोबा: आत्ताच. तिसऱ्या दृश्यात. पोरगी बूट शिवता शिवता मान वर करते, खिडकीकडे बघते. त्या बघण्यात मेलेली आई आहे.

उनजू: खिडकीकडे बघते, कारण तिथून घड्याळ दिसतं. आणि तिची आई चांगली ठणठणीत आहे. आज खेळाला येणार आहे ती.

आजोबा: मग आजारी करू. थोडीशी.

उनजू: अजिबात नाही.

आजोबा: अगं, मूकपटाच्या जमान्यात अख्खं बुसान माझ्या आवाजावर रडलंय. पडद्यावरची माणसं नुसती तोंडं हलवायची. बाजूला उभा राहून बोलणारा ब्यॉन्सा मी. राजाही मी, दासीही मी, कुत्रा भुंकला तर तोही मीच. लोक नट बघायला यायचेच नाहीत. बोंग दालसू आज कोणाला मारतो, ते ऐकायला यायचे.

उनजू: माहीत आहे. म्हणून तर तुमच्या पाया पडले. पण सिनेमा माझा आहे, आजोबा. बुटांच्या कारखान्यातल्या बायका जे बोलल्या ते कॅसेटवर होतं, आणि ती कॅसेट आता विद्यापीठाच्या विद्यार्थी कल्याण कचेरीच्या कपाटात पडलीय. चित्र दाखवा, आवाज नको, असा त्यांचा हुकूम. त्यांनी आवाज कापला, आणि त्या भोकाला तुम्ही मेलेल्या आईचं ठिगळ लावताय. मग त्यांच्यात आणि तुमच्यात फरक काय राहिला?

आजोबा: हे लागलं हं.

उनजू: लागू दे.

आजोबा: आजीवर गेलीयेस अगदी. तीही खेळ संपला की घरी येऊन माझी अशीच सालं काढायची. बरं, आई जिवंत. पुढे?

उनजू: पुढे जेवणाची सुट्टी, कारखान्याची गच्ची. ओकबुन संत्रं सोलते आणि बोलते. तिचं वाक्य जसंच्या तसं हवं. "शिट्टी वाजली की उठते, शिट्टी वाजली की जेवते. एकदा भूक लागली म्हणून जेवायचंय." बस. हुंदका नाही, सुस्कारा नाही.

आजोबा: हं. मला नसतं सुचलं हे.

उनजू: मलाही नसतं सुचलं. ते वाक्य लोकांना ऐकवता यावं म्हणून तर मी वर्षभर कॅमेरा घेऊन त्यांच्या मागे हिंडले.

प्यो: आत येऊ का? दार उघडंच होतं.

उनजू: या की, प्योसाहेब. कल्याण करायला निघालेल्यांना दार उघडं कशाला लागतं?

प्यो: टोमणा पोचला. नमस्कार करतो, आजोबा. मी प्यो, त्याच कचेरीतला. माझी आई अजून तुमचं नाव काढते. लहानपणी तुमचा खेळ ऐकून आली की म्हणे तिला ताप भरायचा.

आजोबा: चांगल्या घरची बाई.

प्यो: म्हणूनच मी वर रदबदली केली. म्हटलं, वयोवृद्ध माणूस आहे, जुनी कला आहे, बोलू द्या त्यांना. साहेब हो म्हणाले. फक्त शेवटचं ते शिट्टीचं वाक्य नको. गावात सगळीकडे संप चाललेत, तुम्ही बघताच आहात. ते वाक्य सभागृहात बोललं गेलं, तर विद्यार्थ्यांचं चित्रपट मंडळ बंद होईल आणि उनजूचं नाव पटावरून जाईल. माझ्या हातात काही नाही.

उनजू: तुमच्या हातात असतं तरी काय?

प्यो: मागच्या रांगेतली एक खुर्ची. तिथे बसून ऐकायचं.

आजोबा: जपान्यांच्या राज्यात त्याच जागी पोलीस बसायचा. त्याला माझं एखादं वाक्य खटकलं, की खेळ बंद आणि मी कोठडीत. तुम्ही कोठडीत टाकत नाही ना?

प्यो: नाही हो, आजोबा.

आजोबा: म्हणजे सुधारणा झाली म्हणायची. ठीक आहे. ते वाक्य माझ्या तोंडून येणार नाही. शब्द दिला.

प्यो: तुमचे उपकार झाले. संध्याकाळी येतो मग.

उनजू: गेले एकदाचे. आजोबा, माझ्या सिनेमाचा शब्द तुम्ही परस्पर देऊन टाकलात?

आजोबा: तुझी आई पहाटे उठून बाजारात मासळी कापते, ते तुझं नाव पटावर राहावं म्हणून. तिला काय सांगू मी?

उनजू: त्यापेक्षा खेळच रद्द करते.

आजोबा: कर. आणि ज्या बायका रविवारची झोप सोडून, ठेवणीतले कपडे घालून येताहेत, त्यांना दारातून परत पाठव. जमेल तुला?

उनजू: नाही जमणार.

आजोबा: रडू नकोस, पोरी. मलाही ते गोड वाटत नाही.

उनजू: मग एवढं तरी करा. त्या जागी दुसरं काही भरू नका. चंद्र नको, समुद्र नको, कोणाचं मरण नको. संत्रं सोलून होईपर्यंत नुसते गप्प राहा.

आजोबा: ब्यॉन्सा आणि गप्प? अगं, मी श्वास घ्यायला थांबलो तरी लोक पायाने जमीन बडवायचे. गप्प राहणं म्हणजे मी मेलो असं जाहीर करणं.

उनजू: माझ्यासाठी.

आजोबा: गळ्यात पडून गळा दाबतेस बघ. बरं. राहीन गप्प.

(त्याच संध्याकाळी, खेळ संपल्यावर, विद्यापीठाच्या उतारावर.)

उनजू: हात धरा माझा. आजोबा, खरंच गप्प राहिलात तुम्ही.

आजोबा: एक संत्रं सोलायला इतका वेळ लागतो, हे या वयात कळलं. चंद्र पार घशापर्यंत आला होता. गिळला.

उनजू: मी तर डोळे मिटून घेतले होते. वाटलं, आता चुळबुळ सुरू होणार.

आजोबा: आणि ओकबुन उठली.

उनजू: मी तिला काही शिकवलं नव्हतं. आईशपथ.

आजोबा: ते मला कळतं. शिकवलेलं माणूस उठल्याबरोबर बोलतं. ही आधी पडद्यावरच्या स्वतःकडे बघत उभी राहिली. मला वाटलं, बाई लाजून निघाली घरी.

उनजू: आणि ते वाक्य बोललीच नाही. म्हणाली, "हे आंबट होतं." सगळे हसले. मग म्हणाली, "थुंकणार होते. पण शिट्टी व्हायला आली होती, म्हणून गिळलं."

आजोबा: त्यानंतर नाही हसलं कोणी.

उनजू: आणि मग शेजारची बोलायला लागली, तिच्या शेजारची बोलायला लागली. दिवे लागले तरी थांबेनात.

प्यो: अहो, जरा थांबा. धाप लागली मला.

उनजू: प्योसाहेब, आजोबांनी शब्द पाळलाय. आता माझं नाव कमी करायचं असेल तर —

प्यो: बोलू तर दे मला. कॅसेट लागली नाही, आजोबा गप्प होते, ते वाक्य कोणी बोललं नाही. साहेबांना एवढंच सांगणार आहे मी. प्रेक्षकांनी काय बोलावं, याची अट घालायचं कोणाला सुचलंच नव्हतं.

उनजू: आणि त्यांनी खोदून विचारलं तर?

प्यो: बायका संत्र्याबद्दल बोलत होत्या. यात खोटं काय आहे? कॅसेट मात्र मिळणार नाही हं तुला.

उनजू: राहू द्या तुमच्या कपाटात. ती आता जुनी झाली.

प्यो: येतो मग. आजोबा, आई वाट बघत असेल. तुम्ही कसे बोललात, ते तिला सगळं सांगावं लागेल.

आजोबा: सांगा, म्हातारा थकलाय, पण आवाज शाबूत आहे.

उनजू: गेले. माणूस वाटतो तितका वाईट नाही. आजोबा? काय झालं? रुसलात?

आजोबा: थोडासा. "म्हणून" म्हणाली आणि थांबली ती. मग "गिळलं." ते मधलं थांबणं, उनजू. इतकी वर्षं बोललो मी, इतक्या बायकांच्या आवाजात बोललो, पण त्या जागी कधी थांबलो नाही.

उनजू: पुढच्या महिन्यात पुन्हा लावू खेळ. बोलाल ना?

आजोबा: तू मला त्या बायकांमध्ये एक खुर्ची दे. ऐकेन म्हणतो.