ह्यांच्या हातचं कुलंट

बसा ताई, गाडी ऱ्हाऊ द्या तिथंच सावलीला. तुमी मोहालीस्नं, नॉलेज सिटीतनं एवढ्या लांब आलात आन् दुकानाला कुलूप बघून घर शोधत आलात, आता चहा न घेता कशी सोडंन मी? मराठी बोलाय माणूस मिळालं की माझी जीभ सुटती, मंग आवरत न्हाई, आधीच सांगून ठेवते.

माझं माहेर माणदेशातलं, दहिवडीच्या अल्याड. आमच्याकडं घराआड एक फौजी, त्यामुळं बाप म्हणला पोरगी फौजीलाच द्यायची, पगारावर पडंल, आन् पडले की हो, पण कुटं येऊन पडले बगा! ह्ये फौजेत गाड्यांचे मिस्तरी. शेवटची बदली हिकडं चंडीमंदिरला झाली, पेन्शनीत आले, म्या म्हणलं चला आता गावाकडं, तर ह्ये म्हणले गावाकडं जाऊन करू काय, जीपगाड्या मोजू? हितनं दोन पावलं टाकली की डोंगर लागतो, शिमल्याला जाणाऱ्या गाड्या चढावर तापत्यात, माझं काम हितंच हाय. झालं, मनीमाजऱ्याच्या मोटर मार्केटात गाळा घेतला, रेडिएटर आन् कुलंट, म्हंजी इंजिन थंड ठेवाय रेडिएटरात घालतात ते रंगीत पाणी, दुसरं काम न्हाई. पोरगं हितंच शिकलं, हितंच आयटी पार्कात लागलं. माझं मराठी समजतंय त्येला सगळं, पण बोलतंय हिंदीत, मी मराठीत भांडते आन् ते हिंदीत उत्तर देतंय, शेजारची पंजाबीण ऐकून हसती.

गाळ्यावर मीबी बसायची. भाकरी घेऊन जायची आन् मंग बसायचीच, तेलकट फडकी धुवायची, गिऱ्हाइकाला पाणी द्यायची, आन् कानावर पडून पडून सगळं शिकले. गिऱ्हाईक यायचं, म्हणायचं, अंकलजी, कुछ ऐसा डालो के शिमले तक सुई ना हिले. म्हंजी गाडी तापल्याची सुई. एकेकजण जाहिरात बघून बाटली घिऊनच यायचा, ह्यात घालायचं औषध, गाडी दुप्पट थंड. ह्ये चिडायचे. आधी टोपण उघडून आत बघायचे, म्हणायचे, आत कीट किती साचलंय ते बघ की बाबा, औषध काय करील? हिकडं बोअरचं पाणी जड, लोक नळाचं पाणी ओततात, नळ्यांत पांढरं कीट धरतं. मंग ह्ये सगळं काढायचे, धुवायचे, बॅटरीत घालतात तसलं शुद्ध पाणी आन् कुलंट निम्मं निम्मं. जुन्या गाडीला हिरवं, नव्याला बहुतेक तांबडं, पण नुसत्या रंगावर जायचं न्हाई, कंपनीच्या पुस्तकात बघायचं, आन् दोन जाती एकात कधी मिसळायच्या न्हाईत, मिसळल्या की आत गाळ धरतो. गळती बंद करायची पावडर मागितली तर म्हणायचे, गळती बंद हुईल आन् रेडिएटरबी बंद हुईल. तोंड असलं फटकळ, पण गिऱ्हाईक पुन्ना त्यांच्याकडंच.

एक गोष्ट मात्र त्यांनी आख्ख्या मार्केटात कुणाची चालू दिली न्हाई. हितं पद्धत अशी, की डब्यात उरलेलं कुलंट कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवायचं. सगळे ठेवतात. ह्यांना दिसलं की बाटली उचलून त्याच्या म्होरंच मोरीत ओतायचे. आवं, ते चवीला गोड असतं, कुत्री चाटतात आन् मरतात, लेकरानं घेतलं तर काय? फरशीवर सांडलं तर म्या फडकं घेऊन येऊस्तोवर ह्यांनी पाणी मारलेलं असायचं.

मंग काय झालं, कसं सांगू तुम्हाला. एका दिवसात झालं न्हाई. आधी पाना हातात धरून पाना शोधायचे, मी हसायची, म्हणायची म्हातारे झालात. मंग एकदा एअरफोर्सातले एक साहेब आले, नाशिककडचे, बायकापोरं घिऊन कसौलीला निघालेले. ह्यांनी गाडी बघितली, बोलत बोलत कुलंट भरलं, साहेब खुश होऊन गेले. आन् चार-पाच रोजांनी गाडी दोरी लावून आली. चढावर तापली, लेकरं रस्त्याच्या कडंला उन्हात बसली. टोपण उघडलं तर आत चिखल, मातकट चिखल. तांबड्यावर हिरवं ओतलेलं. साहेब भला माणूस, म्हणले जाऊ द्या काका, होतं असं. पण ह्ये त्या चिखलात बोट घालून बघत ऱ्हायले, म्हणले ह्ये म्या न्हाई केलं, दुसऱ्या कुणी केलंय, आन् मंग माझ्याकडं बघितलं. ती नजर मला झोपू द्यायची न्हाई ताई. त्यांना खरंच आठवत नव्हतं.

पोरगं म्हणलं, मम्मी, पापा को दिखाना पडेगा. मोठ्या दवाखान्यात नेलं, तिथं आपल्याकडची, सोलापूरची डॉक्टरीण भेटली. तिनं आधी मराठीत विचारलं, जेवलात का मावशी? तिथंच मला रडू आलं. म्हणली, हा विसरण्याचा आजार हाय, गोळ्यांनी जरा हळू सरकंल, पण मागं फिरायचा न्हाई. पोरगं म्हणलं दुकान बंद करू. म्या म्हणलं बंद केलं तर ह्यो माणूस करील काय, कामाबिगार बसलेला म्या बघितलाच न्हाई ह्यांना. मंग म्याच तोड काढली. डबा मी काढून द्यायची, वरचं वाचून. ह्ये वैतागायचे, मला शिकवतीस व्हय शालन? मी म्हणायची न्हाई हो, मीच शिकतेय, तुमी बघा बरोबर हाय का. मंग खुलायचे, आन् त्यांच्या हातानं ओतायचे, थेंब भाईर न सांडता. हात विसरले नव्हते ताई. बरेच दिवस असं रेटलं, मला वाटलं आता असंच निभंल.

आन् गेल्या उन्हाळ्यात, दुपारची गोष्ट. लू, म्हंजी हिकडचा उन्हाळी झळांचा वारा, चाललेली, मार्केटात कुत्रं न्हाई. मी कोपऱ्यावरनं भाजी आणाय गेले, गेले आन् आले. बघते तर ह्ये खुर्चीवर बसलेत, म्होरं स्टुलावर चहाचे दोन काचंचे पेले, हिरवेगार, वर बर्फाचे खडे. म्हणले, ये, उन्हातनं आलीस, खसचं सरबत केलंय तुला.

लग्न झाल्यापास्नं ह्या माणसानं मला कधी पाण्याचा पेला हातात दिला नव्हता. फौजी माणूस, जीव लावायचा तोबी मनातल्या मनात. आन् त्या दिवशी पेला उचलून माझ्या हातात दिला, दोन्ही हातांनी. मला कुलंटचा वास आला, ह्यो वास मी कसा इसरंन? आन् तेवढ्यात दुसरा पेला त्यांनी तोंडाला लावाय उचललेला. म्या फटकन त्यांच्या हातावर मारलं. पेला फुटला, सगळीकडं काचा. मी त्यांच्या तोंडात बोटं घातली, जबडा उघडून जीभ बघितली, किंचाळत व्हते, प्यालात का, प्यालात का. न्हाई प्याले. देवाची कृपा, न्हाई प्याले. ह्ये घाबरून भिंतीला चिकटले, म्हाताऱ्या माणसाचं तोंड कसं बारकं झालेलं, आन् म्हणले, नको हुतं तर सांगायचं गं, मारतीस कशाला?

त्याच दिवशी म्या शटर वढलं. डबे सगळे शेजारच्या गाळ्यातल्या सरदारजीला दिले, त्यो डोळं पुसत म्हणला, आंटीजी, कुलंट बाटलीत भरून ठिवायचं न्हाई, हे मला फौजी अंकलनंच शिकवलं. त्यांच्या हातातनं काम काढून घेतलं ताई, माझ्या ह्या हातानं. पोरगं म्हणतंय मम्मी, आपने सही किया. सही असंल बाबा.

तुमची गाडी सरदारजीकडं न्या, माझं नाव सांगा, चांगला माणूस हाय. आन् उन्हातानाची लांब जाऊ नका, गाडी तापली तर टोपण लगीच उघडू नका, सुखरूप ऱ्हावा.

ते बगा, उठले. आता रोजच्यासारखं भाईर येतील, पँट घालून, खिसं चाचपत. गाळ्याची चावी कुटं हाय म्हणतील. मी म्हणते, आज मार्केट बंद हाय. रोज हेच म्हणते. ह्ये मान हलवतात आन् म्हणतात, मग उद्या मला लवकर उठव, गिऱ्हाइकं थांबली असतील. मी म्हणते, व्हय, उठवते.