डबा नसलेला कॉम्प्युटर आणि नासिर सर

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आपल्या क्लासचे संस्थापक आदरणीय किशनराव काका, मंचावरील सन्माननीय पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती नासिर सर, पहिल्या रांगेत बसलेल्या सबिहा भाभी, आणि एवढ्या उकाड्यात वेळेवर आलेले पालक-विद्यार्थीहो,

तेवीस वर्षं सरांनी आपली कॉम्प्युटर लॅब सांभाळली. ती सांगायला मला पाच मिनिटं दिली आहेत. सूत्रसंचालन करणाऱ्या आरती मॅडम आत्तापासूनच घड्याळ बघून राहिल्यात, ते इथून दिसतंय मला. म्हणून एकच प्रसंग सांगते.

मी सिंधु. आज याच लॅबमध्ये शिकवते, पण पहिल्यांदा इथं आले ती दोन हजार साली, अकरावीची विद्यार्थिनी म्हणून. गाव किल्लारीजवळचं. भूकंप झाला तेव्हा मी दहा वर्षांची होते.

त्या काळी लातुरात गल्लोगल्ली क्लास निघत होते. आपल्याकडे काहीतरी वेगळं हवं, असं काकांच्या मनानं घेतलं. ते हैदराबादला गेले आणि नवीन तऱ्हेचा एक कॉम्प्युटर घेऊन आले. गोलसर, निळा, काचेसारखा आरपार. सगळं यंत्र पडद्याच्या मागंच बसवलेलं. टेबलाखाली ठेवायचा मोठा डबा त्याला नव्हताच.

बघायला ही गर्दी! निलंग्याचे चंद्रप्पा मामा मुलाच्या प्रवेशासाठी आले होते. त्यांनी वाकून टेबलाखाली बघितलं, मग मागं जाऊन बघितलं.

"सर, ह्याचा डबा कुठं हाय?"

"डबा न्हाई, मामा. समदं ह्याच्यातच हाय."

"म्हंजे अर्धाच आणलाव की तुम्ही."

लॅब झाडणाऱ्या शिवगंगा मावशींना वेगळीच शंका. "आतलं समदं दिसून राहिलंय. झाकण बसवायचं राहिलं का काय?" आठवडाभरात समोरच्या क्लासनं पाटी लावली, 'आमच्याकडे पूर्ण कॉम्प्युटर'. तुम्ही आज हसताय. काका त्या दिवशी हसले नव्हते.

सरांनी काय करावं? जुन्या कॉम्प्युटरचा डबा आणला आणि पालकांसमोर स्क्रू काढून उघडला. मामा आत डोकावले. "ह्यात तर निम्मी जागा मोकळीच हाय."

"तेच तर दाखवून राहिलो, मामा."

मामांना पटलं. आणि पटल्यावरही त्यांनी मुलाला समोरच्या 'पूर्ण' कॉम्प्युटरच्या क्लासात घातलं. तेव्हा काकांनी ठरवलं, शनिवारी हे यंत्र परत पाठवायचं.

आता माझं सांगते. जुना कॉम्प्युटर चालू केला की त्याचा पंखा घुमायचा आणि लाकडी टेबल हाताखाली थरथरायचं. पहिल्या प्रॅक्टिकलला मी कधी उठले ते मलाच कळलं नाही. भानावर आले तेव्हा अनवाणी रस्त्यावर उभी होते. दुसऱ्यांदा तेच. चक्कर येते, असं सरांना खोटंच सांगितलं. मुली म्हणायच्या, हिला शिकायचंच नाही. मलाही वाटायला लागलं होतं की गावी परत जावं.

तिसऱ्यांदा मी परत आले तेव्हा सर माझ्या टेबलापाशी होते. थरथरत्या टेबलावर त्यांनी स्वतःचा तळहात ठेवला. मग म्हणाले, "बेटा, गाव कोणतं तुझं?"

मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला निळ्या कॉम्प्युटरसमोर बसवलं. "ह्याला पंखाच न्हाई. हात ठेवून बघ."

ठेवला. टेबल गप्प होतं. त्या दिवशी मी दोन आकड्यांची बेरीज करणारा प्रोग्राम लिहिला. उत्तर चुकलं, पण मी तासभर बसले.

शनिवारी दारात जीप आली. सर काकांना म्हणाले, "हा राहू द्या."

"लोक हसून राहिलेत, नासिर."

"हसू द्या, काका. एक पोरगी बसून राहिली त्याच्यापुढं."

काका लॅबच्या दारापर्यंत आले, मला बघितलं आणि खाली जाऊन जीप रिकामी परत पाठवली. काका, त्याचे आभार मानायचे राहून गेले होते. आज मानते.

पण बोर्डाची परीक्षा जुन्याच कॉम्प्युटरवर होणार होती. सरांनी एक जुना कॉम्प्युटर लांबच्या कोपऱ्यात नुसता चालू ठेवला. दर काही दिवसांनी एक टेबल अलीकडं. मी ओरडायचे, "सर, आज नको." ते म्हणायचे, "बरं, उद्या." बारावीच्या दिवाळीपर्यंत तो माझ्या शेजारी आला. जानेवारीत माझ्याच टेबलाखाली.

परीक्षेच्या दिवशी परीक्षकांनी बटण दाबायला सांगितलं. पंखा घुमला, टेबल थरथरलं. पाय उठायला बघत होते. मी ते खुर्चीच्या पायांमागं अडकवले आणि लिहायला लागले. बाहेर आले तेव्हा सर व्हरांड्यात उभे होते. त्यांनी पेपर कसा गेला ते विचारलंच नाही. "पुरा वेळ बसलीस?" एवढंच. मी हाव म्हटलं, तर हा माणूस तोंड फिरवून चष्मा पुसत बसला.

सर आता बिलोलीला राहायला जात आहेत. भाभी, ते घरातला मिक्सर उघडून बसतील. बसू द्या. सर, तुमच्या लॅबनं मला या गावात थांबवलं. तुमचे आभार, आणि शांतपणे ऐकून घेतलंत म्हणून सभागृहाचेही. बोलताना कुणाचं नाव राहिलं असेल, एखादा शब्द जास्तीचा गेला असेल, तर आपलं माणूस समजून पोटात घाला. आणि आरती मॅडम, वेळ ओलांडल्याचा दोष माझा, त्याची माफी वेगळी मागते.

नमस्कार.