बाहेर बसवायचं की खेळवायचं

एक्स-रेच्या खोलीबाहेर माझ्या शेजारी हॉकी संघाचा कर्णधार सुजलेला हात मांडीवर घेऊन बसला होता. त्याच्या पलीकडे त्याचे प्रशिक्षक.

“मैदानातून बाहेर बोलावलं म्हणून आपला फॉरवर्ड स्टिक भिरकावतो? वीस वर्षांचा घोडा झालाय! उद्या फायनलला बाहेर बसवतो त्याला.”

“बसवा सर. पण मग गोल कोण करणार?”

“अरे, तुझा हात मोडलाय त्यानं!”

“माहितीये. तोंड बघवत नाही मला त्याचं.”

“म्हणजे बसवू?”

“तसं नाही म्हणालो.”

“मग नक्की काय म्हणतोयस?”

“सर, चेंडू त्याच्याकडे गेला की मी सगळं विसरतो. चेंडू सुटला की परत आठवतं.”

“माफी तरी मागितली?”

“फोन आला होता. रडत होता.”

“चला, तेवढी तरी अक्कल आहे.”

“म्हणाला, ‘दादा, आता मला पास कोण देणार?’”

“हाताचं काही विचारलं?”

“नाही.”

“आणि तू काय म्हणालास?”

“डावीकडच्याला सांगून ठेवतो म्हणालो. फोन ठेवल्यावर माझा मलाच राग आला.”