खिसेच खिसे

विंझरच्या थांब्यावर मंगल वेल्ह्याच्या एसटीची वाट बघत होती. शेजारी ठकुबाई ताठ बसल्या होत्या. गळ्यात कॅमेरा, अंगात खिसेच खिसे असलेलं जाकीट, असा एक तरुण येऊन ठकुबाईंसमोर गुडघ्यावर बसला. मंगलनं मान रस्त्याकडं वळवली, कान मात्र तिथंच ठेवले.

“नमस्कार मॅडम. मी दानिश, प्रोफेशनल फोटोग्राफर. आपला एक फोटो घेऊ का?”

“मॅडम कुनाला म्हंतो रं? भोरच्या अकिलाचा न्हवं तू? माजी पोलकी तीच शिवती.”

“व्हय, आजी.”

“आन् हे जाकीट?”

“तेबी आईनंच शिवलंय.”

“येवढं खिसं कशाला?”

“लेन्स ठेवायला.”

“आरं, हितं तर बोटबी जात न्हाई. वरनं नुसती झाकनंच शिवल्यात!”

“हळू बोला की, आजी. नुसत्या शर्टावर कॅमेरा काढला की लोक हटकतात. जाकीट घातलं की बसायला खुर्ची देतात.”

“बरं बाबा, काड फोटू.”

“अशा ताठ नका बसू. माझ्याकडं बघूच नका. रोजच्यासारख्या बसा.”

“आदी तू रोजच्यासारका बस. मंग मी बसती.”